पक्ष्यांना कायद्याचे छत्र, भातखाचरे मात्र उघड्यावर

तमिळनाडूतील कुंभकोणमजवळचे पट्टीश्वरम् हे गाव धेनुपुरीश्वराच्या मंदिरासाठी आणि तेथील दुर्गेच्या दर्शनासाठी ओळखले जाते. शेजारच्या दारासुरम येथील ऐरावतेश्वर मंदिराचा २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. या मंदिरांच्या भोवती कावेरीच्या पाण्यावर पिकणारी भातखाचरे पसरलेली आहेत. मेत्तूर धरणातून पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून. पाणी कालव्यांतून खाचरांत उतरले की गायबगळे, ढोकरी, शराटी आणि गोगलगायींवर जगणारे उघड्या चोचीचे करकोचे तेथे गोळा होतात.

यांपैकी एखादा बगळा मारणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. या कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि बहुतेक सामान्य पक्षी दुसऱ्या अनुसूचीत आले. मात्र तो बगळा ज्या खाचरात पोट भरतो, ते खाचर बुजवले गेले तर हा कायदा काही करू शकत नाही. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान अथवा राखीव क्षेत्राबाहेरील अधिवासापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

अधिवासाचा विचार करणारा प्रमुख आंतरराष्ट्रीय करार म्हणजे रामसर करार. इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी तो संमत झाला व भारत १९८२ मध्ये त्यात सामील झाला. कराराने केलेली पाणथळ जागेची व्याख्या अतिशय व्यापक आहे. पाणी नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, कायमचे असो वा हंगामी, गोडे असो वा खारे, ती जागा पाणथळच ठरते. भातखाचरेही त्यातून सुटलेली नाहीत. दक्षिण कोरियातील चांगवॉन येथे २००८ साली झालेल्या परिषदेत भातखाचरांतील जैवविविधतेविषयी स्वतंत्र ठराव करण्यात आला. जपानने त्याआधीच, २००५ मध्ये, मियागी प्रांतातील काबुकुरी-नुमा हे तळे भोवतीच्या भातशेतीसह रामसर यादीत नोंदवले होते. हिवाळ्यात येणाऱ्या रानहंसांसाठी तेथील शेतकरी कापणीनंतर खाचरांत पाणी साठवून ठेवतात.

भारतातील नियम मात्र वेगळ्या वाटेने गेले. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केलेल्या २०१० च्या पाणथळ नियमांत भातखाचरे वगळलेली होती, पण तलाव, जलाशय व मानवनिर्मित पाणथळींचा समावेश होता. २०१७ मध्ये नवे नियम आले. त्यांनी भातखाचरांबरोबरच खास सिंचन, पिण्याचे पाणी, मत्स्यशेती व मीठ उत्पादन यांसाठी बांधलेल्या जलसाठ्यांनाही व्याख्येबाहेर ठेवले. तमिळनाडूच्या महसुली भाषेत भातजमिनीला 'नंजै', म्हणजे ओली जमीन, असे नाव आहे. महसुलासाठी जी ओली, ती पर्यावरणाच्या नियमांसाठी ओली नाही, असा हा चमत्कारिक प्रकार आहे.

भातखाचरे वगळण्यामागील कारण समजण्यासारखे आहे. पाणथळीच्या पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्के बांधकाम करण्यास हे नियम मनाई करतात. ते शेताला लावले तर शेतकऱ्याला बांधावर साधा गोठाही उभारता येणार नाही. सिंचन तलावांबाबत मात्र ही सबब टिकत नाही. दक्षिणेतील हजारो तलाव सिंचनासाठीच खोदले गेले आणि पक्ष्यांनी शतकानुशतके तेथेच घरटी केली.

तंजावर-मन्नारगुडी रस्त्यावरील वडुवूर हा असाच सिंचन तलाव. तो पक्षी अभयारण्य असल्याने त्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. २०२२ मध्ये सुमारे ११२ हेक्टरचे हे क्षेत्र रामसर यादीतही दाखल झाले. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरची कथा निराळी नाही. गोदावरीवर सिंचनासाठी बंधारा बांधला गेला, त्यामागे गाळ साचला, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. अभयारण्य झालेले हे ठिकाण २०२० मध्ये महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. या दोन तलावांना जे लाभले, ते अभयारण्याबाहेरील व यादीबाहेरील तलावांच्या वाट्याला आलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०१७ रोजी, २.२५ हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींना २०१० च्या नियमांतील तत्त्वांनुसार संरक्षण देण्याचा आदेश दिला. अशा तलावांचा आज तोच मुख्य आधार आहे.

रामसर यादीत नाव आल्याने सारे साधते, असेही नव्हे. करारात दंडाची तरतूद नाही. स्थळाची अवस्था ढासळल्यास त्याची नोंद 'माँत्रो नोंदवही'त होते, इतकेच. ओडिशातील चिल्का सरोवर १९९३ मध्ये या नोंदवहीत गेले आणि समुद्राकडे नवे मुख उघडल्यानंतर २००२ मध्ये बाहेर आले. त्याच २००२ साली कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण टोकावरील कोडियक्करै हे तमिळनाडूचे पहिले रामसर स्थळ ठरले. तेथील पाणपक्ष्यांचे महत्त्व डॉ. सलीम अली यांनी १९६२ मध्येच निदर्शनास आणले होते.

पट्टीश्वरम्‌च्या खाचरांना सर्वांत भक्कम आधार मिळाला, तो वन्यजीवांचे नावही न घेणाऱ्या कायद्याचा. तमिळनाडू विधानसभेने फेब्रुवारी २०२० मध्ये संरक्षित कृषी क्षेत्र विकास कायदा संमत केला. त्यानुसार तंजावर, तिरुवारूर व नागपट्टिनम जिल्ह्यांत तेल व वायूचे नवे उत्खनन, धातू वितळवण्याचे कारखाने आणि चर्मोद्योग यांना बंदी आहे. एप्रिल २०२३ मध्ये या कायद्याची कसोटी लागली. केंद्राच्या कोळसा लिलावाच्या यादीत तंजावर जिल्ह्यातील वडसेरीसह त्रिभुज प्रदेश परिसरातील तीन क्षेत्रे असल्याचे दिसताच शेतकरी व राज्य सरकारने विरोध केला. काही दिवसांतच ती क्षेत्रे लिलावातून वगळण्यात आली.

कायद्याच्या अनुसूचीत मनाई असलेल्या उद्योगांची यादी दिलेली आहे. भातजमिनीवर घरांचे भूखंड पाडण्याचा उल्लेख तीत नाही.