पदकाच्या कडेवरचा नंबर

पणजोबा 'जर्मनच्या लढाईत' होते, बसऱ्याला गेले होते, एवढंच बहुतेक घरांत सांगितलं जातं. कुठली पलटण, कुठलं साल, असं विचारलं की वडीलधारी मंडळी एकमेकांकडे बघतात. अशा वेळी लगेच इंटरनेटवर नाव टाकू नका. आधी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवा.

पदक सापडलं तर राजाचा मुखवटा सोडा, कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. खिडकीशी तिरपं धरलं की अक्षरं उठून दिसतात. चिंच लावून घासू मात्र नका, कड झिजली की वाचायला काही उरत नाही. राजाचं पदक चांदीचं नसून ब्राँझचं असेल तर पणजोबा बहुधा लढवय्ये नव्हते. हमाल-मजूर म्हणून गेलेल्यांना तसं मिळालं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना पदकं कोरीच दिली, भारतीयांच्या पदकांवर मात्र नाव घातलं. चांदणीच्या आकाराच्या पदकावर ते पाठीमागे सापडतं.

आता समजा, कडेवर '११० मराठा' असं आहे. हा आकडा फार बोलका. १९२२ साली पलटणींचे जुने नंबर गेले आणि १०३, १०५, ११०, ११६ व ११७ या पलटणी 'पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री'च्या पहिल्या पाच बटालियन झाल्या. म्हणजे शंभरावरचा आकडा दिसला की हे पहिलं महायुद्ध. शिवाय ११० वी पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात ती अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. घरात ज्याला नुसतं 'बसरा' म्हणतात, त्यात उपासमार आणि कैदही असू शकते. त्या युद्धातल्या कैद्यांच्या रेडक्रॉसकडच्या नोंदी इंटरनेटवर फुकट बघता येतात.

पणजोबा परत आलेच नसतील तर 'कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन'ची यादी चाळा. इथे खरी परीक्षा स्पेलिंगची. साहेबाच्या कारकुनाने कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं. भोसल्यांची चार रूपं मिळतील, आणि कित्येकांचं आडनावच नसेल. म्हणून नावाच्या मागे न लागता नंबर आणि पलटण घेऊन शोधा. नोंदीत पुष्कळदा 'अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा' असंही असतं. ते जुळलं की माणूस आपला. कबर नसेल तर स्मारकाचं नाव मिळतं. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक जणांची आठवण राखली आहे, पण भिंतीवर हिंदी शिपायांची नावं कोरली नव्हती, पलटण आणि आकडा तेवढा. आपल्या पणजोबांचं नाव तिथल्या फोटोत दिसत नाही म्हणून नोंद नाही, असं समजू नका.

कमिशनची ही यादी मृतांची. बहुतेक शिपाई घरी आले, शेतीला लागले आणि अशा यादीत कधी आलेच नाहीत. त्यांच्यासाठी पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद धुंडाळा आणि पलटण मराठा असेल तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. अर्जात नंबर, पलटण, गाव आणि तुमचं नातं स्पष्ट हवं. नुसत्या नावावर तिथेही कुणी काही करू शकत नाही.

शेवटी पलटणीची युद्धडायरी. लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये पहिल्या महायुद्धाच्या अशा डायऱ्या आहेत. त्यांत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं येतात, शिपाई बहुतेक आकड्यातच. तरी अमुक दिवशी पलटण कुठे होती, किती पडले, पाऊस होता की ऊन, हे तारखेनिशी कळतं. त्या आकड्यांतला एक तुमचा असतो.