अस्थिमज्जेला धाडलेला निरोप

भीमाकाठच्या वडगाव रासाईहून घरातील वडीलधाऱ्यांना केमोथेरपीसाठी पुण्याला नेणारे आपण असाल, तर बर्फाच्या डब्यातून सांभाळून आणलेले एक लहानसे इंजेक्शन आपल्या परिचयाचे असेल. ‘पांढऱ्या पेशींचे इंजेक्शन’ असे त्याला सर्रास म्हटले जाते. वस्तुतः त्यात एकही पेशी नसते. त्यात असतो जी-सीएसएफ हा वृद्धिघटक, म्हणजे अस्थिमज्जेला धाडलेला एक निरोप.

हाडांच्या पोकळीतील मज्जेत मूळपेशी असतात. त्यांच्यापासून कोणत्या पेशी आणि किती घडाव्यात, हे बव्हंशी असे निरोपच ठरवतात. मूत्रपिंडाकडून येणारे एरिथ्रोपोएटिन तांबड्या पेशी वाढवते. इंटरल्यूकिन-७ लिम्फोसाइट पेशींना जगवते, एम-सीएसएफ मॅक्रोफेज घडवते, तर जी-सीएसएफमुळे जंतूंवर प्रथम तुटून पडणाऱ्या न्यूट्रोफिल तयार होतात. त्या अल्पायुषी असल्याने निरोगी मज्जा रोज सुमारे १० हजार कोटी न्यूट्रोफिल घडवते. मेलबर्नचे डोनाल्ड मेटकाफ यांनी या घटकांच्या अभ्यासात उभे आयुष्य वेचले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले, तेव्हा हे औषध उपलब्ध नव्हते. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती १९९१मध्ये.

उतारवयात मज्जेत नव्या लिम्फोसाइट कमी घडू लागतात. त्यात केमोथेरपीने सर्वच पेशी घटतात. इंजेक्शन भरून काढते ती मुख्यतः न्यूट्रोफिलची उणीव, आणि तीही काही दिवसांनी. म्हणूनच या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका, कारण त्याने ताप झाकला जातो. पायाचे सूप किंवा पपईच्या पानांचा रस हा निरोप पोहोचवू शकत नाही. सूप रुचकर असते, एवढेच!

इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे. ते गोठू देऊ नये, हलवू नये. वीज वारंवार जात असेल, तर ते कोठे ठेवावे हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. कंबर व मांड्या ठणकू लागल्या तर घाबरू नका. कामाला लागलेल्या मज्जेमुळे बहुधा तसे होते. मात्र डाव्या बरगड्यांखाली तीव्र वेदना झाल्यास डॉक्टरांना त्वरित कळवा, कारण क्वचित प्लीहेला इजा झालेली असू शकते.