हलकेपणा आणि लाघव : शहरातील विजेच्या सायकलीचा विचार

‘ई-बाईक’ हा शब्द मराठीत रूढ झाला तो काहीशी संदिग्धता घेऊनच. इंग्रजीत ‘बाइक’ या शब्दाने सायकलीचाही बोध होतो. मराठी बोलण्यात मात्र तो मोटारसायकलीवर स्थिरावला आहे. त्यामुळे पायटे मारून चालणारी व विजेचे केवळ साहाय्य घेणारी सायकल आणि पूर्णपणे विजेवर धावणारी दुचाकी या दोन्ही वस्तू एकाच नावाने ओळखल्या जातात. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने मान्य केलेल्या ई-बाईक टॅक्सीच्या धोरणातील ‘बाईक’ ही दुसऱ्या प्रकारची, म्हणजे नोंदणी झालेली मोटार-दुचाकी होय. प्रस्तुत विवेचन पहिल्या प्रकारापुरते मर्यादित आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या साहाय्यक मोटारीची अर्ध्या तासाची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी असते, आणि जिचे साहाय्य ताशी २५ किलोमीटर वेगास किंवा पायटे थांबताच बंद पडते, अशी मान्यताप्राप्त चाचणीत उतरलेली सायकल ‘मोटार वाहन’ ठरत नाही. नोंदणी आणि परवाना यांचे बंधन तिला नाही. वेगाची ही मर्यादा एखाद्याने काढून टाकली, तर वस्तू तीच दिसत असली तरी ती या व्याख्येबाहेर पडते, आणि अपघाताच्या प्रसंगी विम्यावाचून मोटार वाहन चालविल्याची जबाबदारी चालकावर येऊ शकते.

या सायकलींत अलीकडे ‘हलकी’ असा एक वर्ग पुढे आला आहे. सामान्य विजेची सायकल २२ ते २८ किलो वजनाची असते. हलकी म्हणविणारी १३ ते १८ किलोंत बसते. हा गुण किती मोलाचा, हे ठरविण्यापूर्वी ‘हलका’ या शब्दाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. मराठीत ‘हलके ओझे’ इष्ट असते. परंतु ‘हलका माल’ निकृष्ट, आणि ‘हलक्या कानाचा’ मनुष्य अविश्वसनीय. याच अर्थक्षेत्रातील ‘लाघव’ हा संस्कृत शब्द मात्र कौशल्याचा वाचक आहे. ‘हस्तलाघव’ हे त्याचे परिचित उदाहरण. व्याकरणशास्त्रात तर लाघव ही संज्ञाच झाली. पाणिनीचा ‘अच्’ हा प्रत्याहार एका अक्षरात सर्व स्वरांचा निर्देश करतो. त्यात शब्द वाचतात, पण एकही स्वर गळत नाही. कार्य कायम ठेवून भार कमी करणे ते लाघव; कार्यच वगळून भार कमी करणे तो नुसता हलकेपणा. हलक्या सायकलीची परीक्षा याच कसोटीवर व्हावयास हवी.

प्रथम गणित पाहू. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाण्यास सुमारे १०० वॉट शक्ती लागते. तीपैकी साठेक वॉट हवेचा विरोध तोडण्यात खर्च होतात, आणि हा विरोध वजनावर अवलंबून नसतो. सायकल १० किलोंनी हलकी झाल्याने वाचतात ते चार-पाच वॉट. चढावर परिस्थिती काही अंशी पालटते: शंभर मीटरला चार मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाने जाताना त्याच १० किलोंमुळे सुमारे १६ वॉट अधिक लागतात. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, चढउताराच्या प्रदेशात वसलेले असल्याने ही गोष्ट उपेक्षणीय नाही. तथापि स्वारासह एकूण वजन ८५ ते ९५ किलो असता सायकलीच्या हलकेपणाचा वाटा लहानच राहतो, आणि मोटार चालू असेपर्यंत तो फारसा जाणवतही नाही.

तो खऱ्या अर्थाने जाणवतो तो मोटार थांबल्यावर. बॅटरी संपली आणि घर तीन किलोमीटर दूर राहिले, किंवा सायकल तिसऱ्या मजल्यावर न्यावयाची असली, म्हणजे १५ आणि २५ किलो यांतील अंतर कळते. जिन्यावर मोटार साहाय्याला येत नाही.

आता हे वजन कशातून कमी होते, याचा विचार अवश्य आहे. चांगल्या धातूची चौकट आणि आटोपशीर मोटार यांतून झालेली बचत हे लाघव. पण ते महाग पडते. स्वस्त मार्ग बॅटरी लहान करण्याचा. दर किलोमीटरला सुमारे १० वॉट-तास खर्च धरल्यास रोजच्या २० किलोमीटरांना २०० वॉट-तास लागतात. २५० वॉट-तासांची बॅटरी त्यात चार-पंचमांश रिती होते. ५०० वॉट-तासांची निम्मीही नाही. लहान बॅटरीवर रोज अधिक ताण पडतो व ती लवकर जुनी होते. दोहोंच्या वजनातील फरक मात्र दीड-दोन किलोंहून अधिक नसतो.

यवतमाळच्या उन्हाळ्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. लिथियम-आयन घटांना सामान्यतः ४५ अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानातच विद्युत्भारित करावे असा संकेत आहे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली दुपारी ही मर्यादा सहज ओलांडली जाते. बॅटरी काढून थंड खोलीत नेता येत असेल तर अडचण नाही. परंतु वजन व आकार आटोपशीर ठेवण्यासाठी काही सायकलींत ती चौकटीतच बंदिस्त केलेली असते. अशा वेळी संपूर्ण सायकलच घरात न्यावी लागते.

तीच गोष्ट इतर भागांची. चिखलरोधक पत्रे काढले की अर्धा-पाऊण किलो वाचतो. पण पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल स्वाराच्या पाठीवर उडतो. कॅरियर काढले की सायकल सुबक दिसते. पण २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह धरणांतील पाणी आटल्याने शहर टंचाईत सापडले होते, तेव्हा पाण्याची कॅन वाहणारी सायकल हीच खरी सायकल होती. साखळीऐवजी पट्टा असला तर कपडे काळे होत नाहीत. तथापि साखळी पुसद, वणी, दारव्हा येथील कोणत्याही सायकल-दुकानात मिळते, पट्टा क्वचितच. अरुंद टायरही वजन वाचवितात. खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याची किंमत पंक्चरच्या रूपाने चुकवावी लागते.

सारांश, किलोंचा आकडा एकटा काही सांगत नाही. जिना चढणाऱ्या, एकट्याने थोडे अंतर जाणाऱ्या आणि बॅटरी थंड जागी ठेवू शकणाऱ्या विद्यार्थ्याला १५ किलोंची सायकल लाभदायक आहे. भाजीची पोती वाहणाऱ्या किंवा लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज जाऊन-येऊन काम करणाऱ्या कामगाराला, सायकल तळमजल्यावरच राहणार असेल तर, पाच-सात किलो अधिक वजनाची, मोठ्या बॅटरीची व कॅरियर असलेली सायकलच काटकसरीची ठरते. ज्याची मिळकत थोडी, त्याला वस्तू दोनदा घेणे परवडत नाही. म्हणून सायकलीतून किती वजन गेले याबरोबरच त्या वजनासोबत कोणते काम गेले, हे त्याने विक्रेत्याला खरेदीपूर्वी विचारले पाहिजे.