ओळखीच्या शब्दांचे कुळ

जुन्या इंग्रजी ग्रंथांतील अगदी अपरिचित शब्द वाचकाला सहसा फसवीत नाहीत, कारण अर्थ लागत नाही हे कबूल करून तो निमूटपणे कोश उघडतो. दगा देतात ते ओळखीचा चेहरा घेऊन समोर येणारे शब्द, ज्यांची विचारपूस करण्याची गरजच आपणांस भासत नाही.

गैरसमज : इंग्लंडातील दुकानांच्या पाट्यांवर 'ओल्ड'च्या आधी जो 'ये' दिसतो, तो 'यी' असा उच्चारावयाचा.

वस्तुस्थिती : तो नेहमीचा 'द'च होय. 'थ' आणि 'द' यांसारख्या ध्वनींसाठी जुन्या इंग्रजीत 'थॉर्न' नावाचे स्वतंत्र अक्षर होते. हस्तलिखितांत त्याचे वळण हळूहळू 'वाय'सारखे झाले. आणि कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातल्यावर, युरोपातून आलेल्या खिळ्यांत थॉर्न नसल्यामुळे, खिळे जुळविणाऱ्यांनी त्याच्या जागी 'वाय' बसविला.

गैरसमज : सज्जात उभी असलेली ज्यूलिएट 'व्हेअरफोर' म्हणून रोमिओचा ठावठिकाणा विचारते.

वस्तुस्थिती : 'व्हेअरफोर' म्हणजे कोठे नव्हे, तर का, कोणत्या सबबीवर. वैऱ्याच्या घराण्याचे नाव नेमके याच्याच वाट्याला का यावे, ही तिची व्यथा आहे. तो खाली बागेत उभा राहून हे सारे ऐकत आहे, याची तिला वार्ताही नाही.

गैरसमज : बायबलात ईश्वराला 'दाऊ' म्हटले आहे, तेव्हा ते आदरार्थी सर्वनाम असले पाहिजे.

वस्तुस्थिती : 'दाऊ' म्हणजे आपला 'तू'. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारपक्षाच्या एडवर्ड कोकने भर न्यायासनासमोर त्याला मुद्दाम 'दाऊ' म्हणून अरेतुरे केले, आणि हा उघड अपमान आहे हे सर्वांना कळले. १६११ च्या बायबलात तर ईश्वर आणि सैतान या दोघांनाही 'दाऊ'च आहे, कारण तेथे ते निव्वळ एकवचन आहे. विठोबाला जन्मभर एकेरीत हाक मारणाऱ्या मराठी माणसाला त्यात नवल वाटू नये.

गैरसमज : 'डिअर' म्हणजे पूर्वीपासून हरीणच.

वस्तुस्थिती : मूळ अर्थ पशुमात्र असा होता, आणि 'किंग लिअर' नाटकात उंदीरघुशींची गणनाही त्यांतच झाली आहे. आपल्या 'मृग' शब्दाची कैफियत हुबेहूब हीच : पशू या व्यापक अर्थावरून तो हरणावर येऊन थांबला, तरी सिंहाला मृगेंद्र म्हणताना जुना अर्थ अजून हजेरी लावतो.

गैरसमज : कोशात नोंद आहे, त्या अर्थी तो शब्द खराच.

वस्तुस्थिती : १९३४ च्या वेबस्टरच्या बृहत्कोशात 'डॉर्ड' असा एक शब्द 'घनता' या अर्थाने दाखल झाला. वास्तविक, मोठा किंवा लहान 'डी' हे घनतेचे संक्षिप्त चिन्ह आहे, एवढेच सांगणारी ती चिठ्ठी होती. 'डी ऑर डी' यांतील अक्षरे सलग वाचली गेली आणि शब्द जन्मास आला. पाच वर्षांनी एका संपादकाची नजर त्यावर पडली, ती अर्थ संशयास्पद वाटला म्हणून नव्हे, तर पुढे व्युत्पत्तीच दिलेली नव्हती म्हणून. सोयरिकीपूर्वी कुळाची चौकशी करण्याचा आपल्याकडील शिरस्ता शब्दांच्या बाबतीत तरी मोडू नये, तो यासाठी.