‘काबिजाद’ शब्दाच्या मुळाशी

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे आणि काणकोण या भागांना गोव्याच्या इतिहासात ‘नव्या काबिजादी’ म्हणतात. मूळ पोर्तुगीज संज्ञा ‘नोव्हास कॉन्किस्तास’. इंग्रजीतील ‘कॉन्क्वेस्ट’ हा याच ‘कॉन्किस्ता’चा भाऊबंद. शब्द ऐकताच तोफा आणि तलवारी आठवतात; परंतु त्याच्या मुळाशी युद्ध नाही.

लॅटिन भाषेत ‘क्वेरेरे’ म्हणजे शोधणे, विचारणे. त्याला ‘कॉन’ हा उपसर्ग लागून कसून शोधणे, प्रयत्नाने मिळवणे या अर्थाचे क्रियापद बनले आणि त्यावरून आलेला शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत उतरला. स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यात तर वारशाने न येता स्वतः मिळवलेल्या मालमत्तेला ‘कॉन्क्वेस्ट’ म्हणत. आपल्याकडील ‘वडिलोपार्जित’ आणि ‘स्वकष्टार्जित’ या भेदाशी हे जुळते. ‘क्वेश्चन’, ‘रिक्वेस्ट’, ‘इन्क्वायरी’ ही त्याच धातूची अपत्ये. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद पडलेले ‘इन्क्विझिशन’ही त्यातलेच.

हा मूळ अर्थ ध्यानी घेतला की पेडण्याचा इतिहास अधिक स्पष्ट दिसतो. डिचोली पोर्तुगिजांनी १७८१ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून शस्त्रबळाने घेतली. पेडणे मात्र १७८८ मध्ये खेम सावंतांनी, कोल्हापूरकरांविरुद्ध मिळालेल्या मदतीच्या मोबदल्यात, पोर्तुगिजांना दिले. एक तालुका लढून घेतलेला, दुसरा सौद्यात मिळालेला. तरी नाव दोघांनाही एकच पडले.

मराठीने या शब्दाला दिलेला प्रतिशब्द अरबी मुळाचा आहे. ‘काबीज’ आणि ‘कब्जा’ यांच्या धातूचा अर्थ मुठीत धरणे. ‘कॉन्किस्ता’ मिळवणाऱ्याच्या खटपटीकडे पाहते, तर ‘काबिजाद’ मुठीत सापडलेल्याची अवस्था सांगते.

‘क्वेरेरे’चे आणखी एक अपत्य आजही आपल्या दारी येते : ‘अ‍ॅक्विझिशन’, म्हणजेच संपादन. मोपा विमानतळासाठी पेडण्यात भूसंपादन झाले, तेव्हा अनेक घरांत हा शब्द नोटिशीतून पोहोचला. संपादन कायद्याने होते, काबिजाद सत्तेने. हा भेद मोठा आहे. तरीही जमीन कोणी मिळवली याबरोबरच ती कोणाकडून गेली, कोणत्या मोबदल्यात गेली आणि त्यांना कोणी विचारले होते का, हे पाहावेच लागते. ‘विचारणे’ हा तर या धातूचा मूळचाच अर्थ आहे.