संगणकाचा कारागीर आणि त्याचीं हत्यारें

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील पुष्कळ पालक हल्लीं एक प्रश्न विचारितात : ‘आमच्या मुलास संगणकाची कोणती भाषा शिकवावी?’ प्रश्न रास्त आहे. वर्गाची फी बहुधा टोमॅटोच्या किंवा कांद्याच्या पट्टींतून भरावी लागते, आणि भाव पडलेल्या वर्षीं ती भरणें म्हणजे घरांतील दुसरी एखादी गरज मागें सारणें होय. म्हणून या प्रश्नाचा विचार आम्ही येथें थोड्या विस्तारानें करितों.

संगणकाकडून जें काम करून घ्यावयाचें त्याच्या सूचना क्रमवार लिहाव्या लागतात. या सूचनांस आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर म्हणतात, व ती लिहिणारा हा एक प्रकारचा कारागीरच होय. भाषा हें त्याचें हत्यार. सुतार आधीं नांगर करावयाचा कीं पाळणा हें ठरवितो, आणि मग वाकस घ्यावा कीं रंधा हें पाहतो. संगणकाच्या धंद्यांतही क्रम हाच आहे. याचें उत्तम उदाहरण आपल्या जुन्नर तालुक्यांतच पाहावयास मिळतें.

नारायणगांवाजवळ खोडद येथें प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या तबकड्या ३०, व प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांपैकीं १४ मध्यभागीं असून उरलेल्या १६ तीन दिशांस दूरवर पसरल्या आहेत. या साऱ्यांची मिळून एकच दुर्बीण व्हावी म्हणून प्रत्येक तबकडीचा संदेश दुसऱ्या प्रत्येकीच्या संदेशाशीं ताडून पाहावा लागतो. विद्यार्थ्यांनीं हिशेब करावा : प्रत्येक तबकडीस जोडीदार २९, ३० गुणिले २९ म्हणजे ८७०, परंतु यांत प्रत्येक जोडी दोनदां मोजली गेली, म्हणून खऱ्या जोड्या ४३५. निरीक्षण चालू असतां हें काम अखंड चालावें लागतें.

आरंभीं तें याच कामासाठीं मुद्दाम बांधलेल्या विद्युत्-यंत्राकडून होत असे. असें यंत्र वेगवान खरें. परंतु त्याचें काम त्याच्या मंडलांतच कोरलेलें असतें, रीत बदलावयाची तर यंत्रच बदलावें लागतें. २०१० च्या सुमारास तेथील शास्त्रज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बाजारांत मिळणारे साधे संगणक एकत्र जोडून, लिनक्स प्रणालीवर, तेंच काम आज्ञावलीकडून तत्काळ करून दाखविलें. आतां रीत बदलण्यास आज्ञावली बदलली कीं पुरे. पुढें दुर्बिणीचा विस्तार झाला. एका वेळीं ३२ मेगाहर्ट्‌झऐवजीं ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा पट्टा हाताळण्याची वेळ आली. हा भार साध्या संगणकांस पेलण्याजोगा नव्हता. तेव्हां संदेशांचें अंकांत रूपांतर करण्यास वेगळीं मंडलें योजिलीं, आणि तुलनेच्या गणितास मूळ चित्रांसाठीं निघालेले जी.पी.यू. कामास लाविले. काम पालटलें तसें हत्यार पालटलें.

पुढें या आंकड्यांवरून आकाशाचें चित्र काढावयाचें असतें. त्यासाठीं वापरण्यांत येणारी ‘एप्स’ ही आज्ञावली मुख्यतः फोरट्रान भाषेंत आहे. ही भाषा १९५७ सालची. तिच्या जोडीस असलेली ‘कासा’ सी प्लस प्लसमध्यें लिहिली असून ती पायथनमधून चालवितां येते. जुनें व नवें हत्यार एकाच कामावर नांदतें, कारण दोहोंची पारख कामानें झालेली आहे.

यावरून आमची शिफारस साधी आहे. नवशिक्यानें आरंभ पायथनसारख्या सोप्या भाषेनें करावा. ती १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. मग संगणकाच्या आंत काय चालतें हें समजण्यास सी भाषा शिकावी. आपण केलेला प्रत्येक बदल नोंदून ठेवणारें गिट हें साधन, २००५ पासूनचें, पहिल्या महिन्यापासून वापरावें. चूक कोठें शिरली हें तें दाखवितें. हीं सारीं साधनें व लिनक्सही विनामूल्य मिळतात, आणि शिकण्यास जुना संगणकही चालतो. म्हणून पालकांनीं कर्ज काढून महाग साधनें घेण्याची घाई करूं नये. शिकवणीचा वर्ग लाविलाच, तर तेथें किती भाषा शिकवितात हें न विचारतां विद्यार्थ्याकडून कोणतें काम पुरें करून घेतात हें विचारावें.

गणिताकडे मात्र कोणीं दुर्लक्ष करूं नये. दहावींतील त्रिकोणमिति कित्येकांस निरुपयोगी वाटते. परंतु खोडदच्या संदेशांचें सारें गणित त्याच ज्या व कोटिज्या यांवर उभें आहे. पहिल्या नोकरींतही, दोन पैसे कमी मिळाले तरी, जेथें अनुभवी माणूस आपली आज्ञावली वाचून दोष दाखवील ती जागा पत्करावी. मुलींस हा मार्ग मुलांइतकाच मोकळा आहे.

२८ फेब्रुवारी या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडद येथें विद्यार्थ्यांसाठीं प्रदर्शन भरविण्याची प्रथा आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं तेथें अवश्य जावें, आणि आज्ञावली लिहिणारें कोणी भेटल्यास ती कोणत्या भाषेंत लिहिली हें मागाहून विचारावें. ती कोणतें काम करिते, व त्या कामास तेंच हत्यार कां निवडलें, हें आधीं विचारावें.