पाळी जाताना अंगाची निगा



लागणीला पाणी किती, खोडव्याला खत कधी, याची माहिती आपण या पत्रिकेतून नेहमीच घेतो. या वेळी आम्ही जरा वेगळा, पण घराघरातला विषय घेत आहोत. पंचेचाळिशी उलटली की घरच्या बाईमाणसाच्या अंगाला खाज सुटते, चेहरा चरचरतो, वर्षानुवर्षांचा साबण एकाएकी सोसेनासा होतो. ती कुणाला सांगत नाही. विचारलेच तर "उष्णता झालीय" म्हणून वेळ मारून नेते. पुष्कळदा ही नुसती उष्णता नसते. पाळी जाण्याच्या काळात कातडीत होणारा तो बदल असतो.

आपल्याकडे बहुतेक स्त्रियांची पाळी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास जाते. सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे डॉक्टर धरतात. या काळात बीजांडकोशातून स्रवणारे इस्ट्रोजेन कमी होते. त्यामुळे कातडीत ओल टिकत नाही, तेलकटपणा घटतो आणि कातडी पातळ होते. मग काल जे सोसत होते ते आज सोसत नाही.

त्यात आपले काम शेतातले. भांगलताना उसाची पात कापते, कूस टोचते, घाम झोंबतो. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेले गाजर गवत आज बांधाबांधावर आहे, आणि तेही पुष्कळांच्या अंगाला बाधते. म्हणून फडात जाताना सुती, पूर्ण बाह्यांचा शर्ट वरून घालावा, डोके-मान झाकावी, गाजर गवत उघड्या हातांनी उपटू नये. घरी आल्यावर अंग धुऊन कपडे बदलावेत.

बाकी उपायही महागडे नाहीत. अंघोळीला कडकडीत पाणी नको, कोमट घ्यावे. साबण काख, जांघ, पाय एवढ्यापुरता लावावा. कपड्याची पावडर अंगाला कधीही लावू नये. वजरीने अंग घासू नये. अंग टिपून घ्यावे आणि ते ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. सरीत पाचट पसरले की खालची ओल धरून राहते, हे आपण रानात पाहतोच. कातडीचेही तसेच आहे. ओल उडून जायच्या आत वर झाकण पाहिजे. अंगातून झळा येत असतील तर तिखट आणि गरम चहा जरा कमी करून पाहावा.

लिंबू, खायचा सोडा असले घरगुती प्रयोग चेहऱ्यावर करू नयेत. केस काळे करण्याच्या रंगाने किंवा काळ्या मेंदीने डोके, कपाळ सुजत असेल तर ती ताबडतोब बंद करावी. टिकलीच्या डिंकानेही काहींच्या कपाळाला खाज सुटते, पांढरा डाग पडतो. असे झाल्यास ती टिकली सोडावी.

सर्वांत मोठा धोका मेडिकलमधून विचारून आणलेल्या ट्यूबचा. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून तीच ट्यूब महिनोन्‌महिने चालते. अशा पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असते. त्याने आधीच पातळ झालेली कातडी आणखी पातळ होते, चेहरा लाल राहतो आणि खाज नायट्याची असेल तर नायटा वाढत जातो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशी ट्यूब आणू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या फडाशी जोडलेली आहे. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले की हा सारा त्रास ऐन तरुणपणी एकदम सुरू होतो. बीजांडकोश ठेवले तरी तो लवकर येऊ शकतो. आपला ऊस तोडायला आलेल्या भगिनींना अंग धुवायला पाणी आणि आडोसा मिळतो की नाही, हे फडमालक म्हणून आपण पाहिले पाहिजे.

खाज दोन-तीन आठवड्यांत हटली नाही, रात्रीची झोप मोडू लागली, किंवा वजन घटत असेल तर तपासणी करून घ्यावी. मधुमेह, थायरॉइड आणि रक्तातील लोहाची कमतरता यांनीही अंग खाजते. लघवीच्या जागी कोरडेपणा, आग होत असेल तर लाजू नये, त्यावर चांगले औषध आहे. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, अगदी थेंबभर का असेना, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. ते कर्करोगाचे लक्षण असू शकते.

सभासद बंधूंनो, पत्रिका बहुधा आपल्याच नावाने येते. हे पान घरात नेऊन द्यावे. वाचता येत नसेल त्या माउलीला सुनेने, लेकीने वाचून दाखवावे. आणि दवाखान्यात जायचे ठरले तर ऊसबिलाची वाट पाहत बसू नये, ही आमची कळकळीची विनंती.